समुद्राकडची खोली

चार माणसं म्हटली की सहा जोड्या होतात. शाळेतलं हे गणित मला पाठ होतं, पण त्याचा अर्थ कळला तो आम्ही चौघांनी दीड महिना परदेशात एकत्र राहायचं ठरवलं तेव्हा. आम्ही नवरा-बायको ही एक जोडी, ते दोघं दुसरी. मी आणि मैत्रीण ही तिसरी, खरं तर सगळ्यांत जुनी, दोन्ही लग्नांच्या आधीची. दोघींच्या नवऱ्यांची ओळख आमच्यामुळे झाली, आता ते आमच्याशिवायही भेटतात. माझ्या नवऱ्याचं आणि मैत्रिणीचं उत्तम जमतं, कारण माझी चेष्टा करणं हा दोघांचा समान छंद आहे. उरली सहावी जोडी. मी आणि मैत्रिणीचा नवरा.

इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे दहा मिनिटंही कधी बसलो नव्हतो. वाकडं काही नाही हो. मैत्रीण आत गेली की ते फोन काढतात, मी हाताला लागेल ते मासिक चाळते, ती बाहेर आली की दोघंही सुटल्यासारखे बोलायला लागतो. ते मला 'तुम्ही' म्हणतात, मी त्यांना 'तुम्ही' म्हणते. बाकी पाचही जोड्या केव्हाच 'अरे-अगं'वर आल्या. 'तू'वर यायची एक वेळ असते. ती निघून गेली की नंतर मुद्दाम 'तू' म्हणणं म्हणजे मध्यरात्री कुणाच्या घराची बेल वाजवण्यासारखं वाटतं.

आठवडाभराच्या सहलीत हे सगळं झाकलं जातं. आठ दिवस कुणीही कुणाशीही गोड वागू शकतं. पंचेचाळीस दिवसांचं तसं नाही. पंचेचाळीस दिवसांत कपडे धुवावे लागतात, कुणाचं तरी पोट बिघडतं, कुणाला तरी केस कापून घ्यावे लागतात, आणि एखाद्या सकाळी कुणालाच कुणाशी बोलावंसं वाटत नाही. ती सहल नसते, तात्पुरतं एकत्र कुटुंब असतं. फरक एवढाच की या कुटुंबातली माणसं आपण स्वतः निवडलेली असतात, त्यामुळे दोष द्यायला कुणी मिळत नाही.

पहिल्या बैठकीत कामं वाटली गेली. घर शोधणं आणि मौजमजा नवऱ्याकडे आणि मैत्रिणीकडे. हवामान आणि कागदपत्रं माझ्याकडे आणि 'त्यांच्याकडे'. का, तर म्हणे तुम्हां दोघांना किचकट गोष्टी आवडतात. हे प्रशस्तिपत्र होतं की शिक्षा, ते मला अजून कळलेलं नाही.

प्रत्येकाच्या डोक्यात चित्र एकच होतं: नारळ, निळं पाणी, दोन झाडांना बांधलेला झोपाळा. महिना मात्र प्रत्येकाचा वेगळा. नवऱ्याला जानेवारीत बाली हवं होतं. मैत्रिणीला मार्चमध्येच जायचं होतं, कारण बालीचं नववर्ष, न्येपी, बहुधा तेव्हा असतं आणि त्या दिवशी अख्खं बेट चोवीस तास गप्प बसतं. रस्त्यावर कुणी नाही, दिवे मंद, विमानतळसुद्धा बंद. पाहुण्यांनीही बाहेर पडायचं नाही. "किती सुंदर कल्पना आहे!" ती म्हणाली. माझ्या नवऱ्याने विचारलं, "आपण चौघं? चोवीस तास? एका घरात?" मार्च आपोआप मागे पडला.

जानेवारीचा निकाल आम्हा दोघांच्या हवामान समितीने लावला. त्यांनी एक शीट उघडली, आडवे बारा महिने, उभी ठिकाणं, आणि मी रंग भरायला घेतले. आपण समजतो की उष्ण कटिबंध म्हणजे बारा महिने ऊन. तिथे उन्हाळा-हिवाळा फारसा नसतोच. वारा कुठून येतो यावर सगळं चालतं. पावसाचा पट्टा सूर्याच्या मागे मागे विषुववृत्ताच्या वर-खाली सरकत राहतो. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून तिथे नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं. थायलंडमध्ये तर एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचं पटत नाही. फुकेतची बाजू मे ते ऑक्टोबर भिजते, आणि पलीकडच्या आखातातलं सामुई बेट खरं भिजतं ते ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा आपलं पाणी दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर आणि मधल्या डोंगरांवर ओततो, आणि डोंगरापलीकडे पूर्वेला त्रिंकोमाली तेव्हाच कोरडं ठणठणीत असतं.

ही शीट भरताना आम्ही दोघं तासभर फोनवर होतो. मी तसं नंतर घड्याळात पाहिलं. पंचवीस मिनिटं पाऊस, आणि उरलेला वेळ त्यांनी मला वॉलेस रेषा सांगितली, म्हणजे आशियाच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या प्राण्यांमधली सीमा. बाली आणि लोंबोक या दोन बेटांमध्ये जी सामुद्रधुनी आहे, ती अरुंद जागी जेमतेम 20 किलोमीटरची, पण खोल. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त उतरली, बाली आशियाला जोडलं गेलं, तरी ही फट काही आटली नाही. त्यामुळे बालीत आशियाचे प्राणी, आणि समोर दिसणाऱ्या लोंबोकवर ऑस्ट्रेलियाच्या नात्यातले काकाकुवा. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस 1856 साली एका बेटावरून दुसऱ्यावर गेला आणि पक्षी बदललेले बघून थक्क झाला. "वीस किलोमीटर हो!" ते म्हणाले. एरवी जेवताना एक वाक्य बोलणारा हा माणूस तिकडे फोनवर उभा राहून बोलत असावा असा आवाज होता. मी म्हटलं, दोन जोडप्यांमध्ये एवढंच अंतर हवं, समोरचं घर दिसावं पण पक्षी आपापले असावेत. ते हसले. मी त्यांना हसताना पूर्वीही पाहिलं असणार, पण माझ्या बोलण्यावर हसल्याचं आठवत नाही.

ठरलं ते असं: मे-जून, आधी बाली आणि लोंबोक, मग त्रिंकोमाली.

कागदपत्रांत नवऱ्याचा पासपोर्ट पहिला अडकला. मुदत संपायला अवकाश होता, पण पोचल्या दिवसापासून पुढे सहा महिने शिल्लक लागतात, आणि त्याच्याकडे होते साडेचार. "संपलेला नाहीये ना?" हे वाक्य तो तीन दिवस वेगवेगळ्या सुरांत म्हणत राहिला. दुसरा अडथळा जास्त गमतीचा. इंडोनेशियाचा पोचल्यावर मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा असतो. नवऱ्याने आनंदाने 30 रात्रींचा आराखडा केला होता. त्यांनी शीटमध्ये त्या आकड्यावर शेरा मारला: 'उतरतो तो दिवस पहिला. 30 रात्री म्हणजे 31 दिवस.' जास्तीच्या प्रत्येक दिवसाला माणशी दहा लाख रुपिया दंड. रुपियातला लाख ऐकायला वाटतो तेवढा मोठा नसतो, तरी चार माणसांचे चाळीस लाख वाचून मैत्रिणीने हाताने छाती धरली. मुदत एकदा वाढवून मिळते, पण एका रात्रीसाठी चौघांचे अर्ज कोण करणार? एक रात्र कापली. कुठली कापायची यावर मात्र दोन संध्याकाळी गेल्या.

नियोजनातून दुसऱ्यांचा संसार दिसतो, ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही. एका व्हिडिओ कॉलवर त्या दोघांचं काहीतरी बिनसलं. त्यांनी सभ्यपणे आवाज बंद केला, कॅमेरा मात्र विसरले. पुढची चार मिनिटं आम्ही एक मूकपट पाहिला. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, ते छताकडे बघत होते, मग तिने कपाळाला हात लावला आणि दोघंही एकदम हसले. माझा नवरा हळूच म्हणाला, "यांचं फार लवकर मिटतं गं." आमचं तीन दिवस चालतं. मला त्या क्षणी थोडा हेवा वाटला आणि लगेच काळजीही: पंचेचाळीस दिवसांत त्यांना आमचं भांडण बोलपटात बघावं लागणार.

मैत्रिणीची स्वप्नं आमच्या समितीने एकेक करून सपाट केली, याचं मला वाईट वाटतं. तिने चार मच्छरदाण्या निवडून ठेवल्या होत्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त, असं आम्ही तिला सांगितलं. रात्रीच्या मच्छरदाणीला तो हसतो. मग तिला समुद्रावरच्या लांबलचक संध्याकाळी हव्या होत्या. विषुववृत्ताजवळ सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली जातो. बालीत जूनमध्ये सहा वाजून गेले की मावळतो आणि अर्ध्या तासात अंधार. वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या दिवसात तिथे फरक असतो तो जेमतेम तासाभराचा. "म्हणजे संध्याकाळ नसतेच?" तिने विचारलं. असते, पण पटकन उरकावी लागते. आणि त्याच वेळी डास येतो.

"तुम्ही दोघं एकत्र आलात की फार कंटाळवाणे होता," ती म्हणाली. आम्ही दोघं! सहाव्या जोडीचा हा पहिला जाहीर उल्लेख.

आता घर. नवऱ्याने आणि मैत्रिणीने महिनाभर शोधून जे घर काढलं ते खरोखर सुंदर होतं. लाकडी जिना, मागे केळी, पुढे समुद्र. झोपायच्या खोल्या दोन. एकीला भिंतभर काच आणि काचेत समुद्र. दुसरीला एक बेताची खिडकी आणि खिडकीत पाण्याची टाकी. भाडं अर्धं-अर्धं.

"तुम्ही घ्या ना समुद्राकडची," मी म्हटलं.

"छे छे, तुम्ही घ्या. तुमच्या नवऱ्याने शोधलंय घर."

"तिनेही शोधलंय. शिवाय तुम्हाला पहाटे उठायची सवय, सूर्योदय दिसेल."

"मी बाहेर जाऊन बघेन की."

निम्मे दिवस वाटून घेऊ असं नवऱ्याने सुचवलं. म्हणजे मधल्या एका दिवशी सगळं सामान उचलून इकडून तिकडे, चादरी बदला, आणि पहिले पंधरा दिवस कुणाचे हा प्रश्न उरतोच. नाणं उडवू म्हणालो, तर जिंकणाऱ्याला पंधरा दिवस अपराधी वाटणार म्हणून तेही नको. ज्यांची खोली छोटी त्यांनी भाडं कमी द्यावं, हा माझा मुद्दा होता. तो ऐकून सगळे असे गप्प झाले की जणू मी पैशाचं नाव काढून कुणाला शिवी दिली. त्याग करायला चौघंही एका पायावर तयार होते. मोठेपणा घेताना कुणी कमी पडत नव्हतं, खोली घ्यायलाच कुणी मिळेना. आठ दिवस हे चाललं. एसीचा आकडा, रात्री दिवा किती वाजता बंद, घोरतं कोण, हे सगळं त्या निमित्ताने निघालं. माझा नवरा अठरावर झोपतो हे त्यांना कळलं, आणि तिचा नवरा सव्वीसवर पांघरूण घेतो हे आम्हाला. एका खोलीत राहायचं नाहीये हे किती बरं, असं चौघांच्याही मनात एकदमच आलं असावं.

नवव्या दिवशी कॉलवर ते पुन्हा म्हणाले, "खरंच सांगतो, तुम्ही घ्या, आम्हाला चालेल."

माझा तोल गेला. "अरे, तू घे ना ती खोली एकदाची!"

कॉलवर शांतता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मैत्रीण स्क्रीनच्या जवळ आली, जणू मला जवळून बघायचं होतं तिला. तिचा नवरा मात्र चष्मा पुसत होता. पुसून झाल्यावर म्हणाला, "बरं. घेतो."

मैत्रिणीने तिथल्या तिथे बुकिंग करायला पान उघडलं. घर गेलेलं होतं. आमच्या सगळ्या तारखा कुणीतरी आदल्या रात्री उचलल्या होत्या, बहुधा एकच जोडपं असणार.

त्या रात्री उशिरापर्यंत ती आणि माझा नवरा नवी घरं शोधत बसले. शेवटी एक मिळालं, किनाऱ्यापासून पाच मिनिटं आत. खोल्या दोन, अगदी सारख्या. दोन्ही खिडक्यांतून बागेची तीच शेवाळलेली भिंत दिसते. समुद्र कुठूनच नाही. चौघांनी दोन मिनिटांत 'हो' म्हटलं, आणि इतके खूश झालो की बघणाऱ्याला वाटावं महालच मिळाला.

सकाळी फोन पाहिला तर चौघांच्या ग्रुपमध्ये काहीच नव्हतं. वेगळा एक मेसेज होता, मला एकटीला. त्याने खिडकीचा फोटो मोठा करून पाठवला होता आणि खाली एवढंच:

'भिंतीवरचा पक्षी बघितलास?'