लॅपटॉप नवा आहे तोवरच त्याच्या नोंदी करून ठेवा

नव्या लॅपटॉपवर सगळं झटपट चालत असतं, त्यामुळे देखभालीचा विचार कोणाच्या मनात येत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तो रेंगाळायला लागतो तेव्हा धावाधाव सुरू होते. मग साधे प्रश्न अडतात. ‘पूर्वी लवकर सुरू व्हायचा’ म्हणजे किती सेकंदांत? पंखा पूर्वी एवढा वाजत नव्हता, की आपलं लक्ष नव्हतं? बॅटरी किती तास पुरायची? उत्तर नसलं की माणूस अंदाजाने उपाय करत सुटतो: हे सॉफ्टवेअर टाक, ते काढ, शेवटी सगळं फॉरमॅट कर.

म्हणून नवा लॅपटॉप हाती आला की मी पहिल्या आठवड्यातच एका वहीत त्याच्या नोंदी करते. तब्येत ठणठणीत असताना नाडी कशी लागते ते माहीत असलं, तरच पुढे बिघाड ओळखता येतो. मी ध्वनिमुद्रणांच्या संपादनाचं काम करते. दिवसभर लॅपटॉप टेबलावर, चार्जर लावलेला आणि कानांवर हेडफोन. शांत जागा ऐकून कापायच्या असतात तेव्हा पंख्याची घरघर अगदी नकोशी होते. त्यामुळे यंत्राच्या बारीकसारीक बदलांकडे माझं लक्ष आपोआपच जातं.

नोंदी मोजक्याच असतात. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंतचे सेकंद. काहीही उघडलेलं नसताना टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, दिसणारा रॅमचा वापर. ड्राइव्हवरची मोकळी जागा. आणि बॅटरीचा अहवाल. विंडोजमध्ये हा अहवाल आयता मिळतो. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) उघडायचा, इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ (powercfg) लिहायचं, एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ (batteryreport). एंटर दाबलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही खाली दिसतं. ब्राउझरमध्ये ती उघडली की त्यात दोन आकडे शोधायचे: डिझाइन कपॅसिटी (बॅटरी बनवताना ठरलेली क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावर मावणारा चार्ज). नव्या लॅपटॉपमध्ये दोन्ही जवळपास सारखे असतात. पुढे दुसरा आकडा उतरत जातो. तो किती वेगाने उतरतोय, हे दर तीन-चार महिन्यांनी पाहिलं की बॅटरीचं वय कळतं.

बॅटरीबद्दल एक जुना सल्ला अजूनही फिरत असतो, की ती पूर्ण रिकामी करून मगच चार्ज करावी. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. आजच्या लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण रिकामं होणं मानवत नाही आणि सतत शंभर टक्क्यांवर राहणंही मानवत नाही. भरलेल्या बॅटरीत व्होल्टेज जास्त असतं, त्यामुळे आतल्या रसायनांची झीज वाढते. त्यात उष्णतेची भर पडली की झीज आणखी वेगाने होते. माझ्यासारखा ज्यांचा चार्जर दिवसभर लावलेला असतो, त्यांनी चार्जिंगची मर्यादा घालून घ्यावी. लेनोवोमध्ये ‘कॉन्झर्व्हेशन मोड’, आसूसमध्ये ‘बॅटरी केअर’ अशी वेगवेगळी नावं आहेत. काही लॅपटॉपमध्ये ही सोय बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये, असते. ही मर्यादा बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास असते. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री ती काढावी, परतल्यावर पुन्हा लावावी. लॅपटॉप महिना-दोन महिने वापरायचाच नसेल तर अर्धा चार्ज करून बंद करून ठेवावा.

आता रीस्टार्ट. हा मुद्दा मी भेटेल त्याला सांगते, कारण तो खरोखर फार जणांना ठाऊक नसतो. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि त्याबरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवर उतरवून ठेवले जातात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलले जातात. म्हणजे रोज रात्री लॅपटॉप बंद करणाऱ्या माणसाचं विंडोज कित्येक आठवडे नव्याने सुरू झालेलंच नसतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयू निवडा आणि ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज नव्याने सुरू झाल्यापासून गेलेला वेळ, पाहा. बरेच जण तो आकडा पाहून चकित होतात. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. ब्लूटूथ हेडफोन अचानक न सापडणं, आवाज अडखळणं, स्लीपमधून उठल्यावर वायफाय न लागणं, अशा किती तरी तक्रारी एवढ्यानेच जातात. आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करावंच.

स्टार्टअप ॲप्सची यादी पहिल्याच दिवशी छाटते. टास्क मॅनेजरमध्येच ती असते. चॅट, गेमचे लाँचर, प्रिंटरचे मदतनीस असे सगळे लॅपटॉप सुरू होताच जागे व्हायला पाहतात. तिथे बंद केलं म्हणजे ॲप नाहीसं होत नाही. हवं तेव्हा उघडता येतं. लॅपटॉपबरोबर आलेला ठरावीक मुदतीचा अँटिव्हायरसही मी काढून टाकते. तो असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला उभा राहतो आणि तो गेला की पुन्हा कामाला लागतो. घरगुती वापराला डिफेंडर पुरेसा आहे, असं माझं ठाम मत आहे. ‘पीसी फास्ट करा’, ‘रजिस्ट्री साफ करा’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तर वाटेलाच जाऊ नका. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम यांच्या सेटिंग्जची नोंदवही. ती साफ करून वेग वाढत नाही, पण नको ते पुसलं गेलं तर विंडोज मोडू शकतं.

एसएसडीवर, म्हणजे आजच्या लॅपटॉपमधल्या चिपवाल्या ड्राइव्हवर, जागा मोकळी का ठेवायची, याचं कारण तिच्या रचनेत आहे. लिहिलेल्या जागेवर तिला थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक मोठा गठ्ठा अख्खा पुसावा लागतो. त्या गठ्ठ्यात उपयोगाचं काही असेल तर ते आधी दुसरीकडे हलवावं लागतं. जागा भरत आली की ही हलवाहलव वाढते आणि लिहिण्याचा वेग पडतो. पाचवा हिस्सा तरी रिकामा राहावा असं मी पाहते. माझ्या कामाच्या फाइली अवाढव्य असतात, म्हणून काम संपलं की ते बाहेरच्या ड्राइव्हवर जातं. बाकी कचऱ्यासाठी सेटिंग्जमधलं ‘स्टोरेज सेन्स’ चालू केलं की पुरतं. एसएसडी डीफ्रॅग करायची (विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावायची) गरज नाही. कुठली जागा रिकामी झाली ते विंडोज तिला ‘ट्रिम’ने आपणहून कळवत असतं.

उष्णतेकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. आपल्याला वाटतं लॅपटॉप जुना झाला, पण त्याचा श्वास कोंडलेला असतो. हवा आत घेण्याच्या जाळ्या बऱ्याचदा तळाशी असतात. गादीवर किंवा उशीवर ठेवला की त्या बुजतात. धूळ काढायची तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, दाबलेली हवा भरलेल्या कॅनने थोडे थोडे झोत द्यावेत. कॅन उभाच धरावा. पंख्याचं पातं दिसत असेल तर लाकडी काडीने ते अडवून धरावं, नाही तर झोताने पंखा बेफाम फिरून त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. स्क्रीनला मऊ मायक्रोफायबर कापड आणि अगदी थोडं पाणी, तेही कापडावर.

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्या आठवड्याच्या शेवटी मी माझी मासिक फेरी उरकते: अपडेट, रीस्टार्ट, मोकळी जागा, बॅकअप. बायॉसचा अपडेट असेल तर चार्जर लावूनच करते आणि मध्ये काही झालं तरी बंद करत नाही. त्याआधी बिटलॉकरची (ड्राइव्हवरच्या फाइली कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, कागदावर उतरवलेली हवी. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप (एन्क्रिप्शन) आधीपासून चालू असतं, आणि बायॉस बदलला किंवा मदरबोर्डची दुरुस्ती झाली की विंडोज ती की मागू शकतं. की नसेल तर आतल्या फाइली कायमच्या हातच्या जातात. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.

आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, त्याचं क्लिक नीट होईना, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. तेव्हा मासिक फेरीची वाट पाहू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि त्याच दिवशी तो जाणकाराकडे न्या.