पांढरा शर्ट आणि जेजुरी

जेजुरीला पांढरा शर्ट घालून जाऊ नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. आई सकाळी दोनदा म्हणाली, बायको तर नुसतं बघून हसली, पण इस्त्रीचा तेवढा एकच शर्ट होता आणि मला वाटलं आपण लांब उभं राहू, कोण कशाला उधळतंय आपल्यावर. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच असं वाटलं होतं.

पुण्याहून पन्नासेक किलोमीटर, दिवेघाट चढायचा, सासवडला चहा घ्यायचा की पुढे जेजुरी आलीच. रविवार होता, म्हणजे खंडोबाचाच वार, त्यामुळे गर्दीबद्दल तक्रार करायचा हक्क आपण घरीच ठेवून आलेलो.

पायऱ्या चढायला लागलो तर पुढे एक नवीन जोडपं, मुंडावळ्यांचा दोरा अजून कपाळावर दिसत होता. लग्नानंतर पहिल्यांदा गड चढताना नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या अशी पद्धत आहे ना, तर तो बिचारा वाकला, मागून मित्र ओरडतायत, कुणीतरी व्हिडिओ काढतंय, तिसऱ्या पायरीवर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता पण पाच केल्या पठ्ठ्याने. माझी बायको म्हणाली, "अरे, अकरा वर्षं झाली, आता होतंय का बघ एकदा." मी मुलाला पाणी हवंय का विचारलं.

नवलाख पायरी म्हणतात, मोजायला गेलात तर शेकड्यातच संपते, पण आईचे गुडघे सोबत असले की नवलाख हा आकडा बरोबर वाटायला लागतो. मध्येच बाणाईचं देऊळ लागतं तिथे आई टेकली आणि सुरू झाली. म्हाळसा नेवाशाची वाण्याची लेक, बाणाई धनगराची, आणि हिच्यासाठी म्हणे देव मेंढ्या राखायला राहिला. दोघींचं पटेना म्हणून गड वाटून दिला, वरचा भाग म्हाळसेचा, खालचा बाणाईचा. मला हा देव ह्याचसाठी आवडतो, मणी-मल्ल दैत्यांना मारलं हे झालंच, पण घरातलं भांडण काही त्यालाही मिटवता आलं नाही, शेवटी दोन बिऱ्हाडं करावी लागली.

वर पोचलो आणि शर्टाचा विषय तिथेच संपला. सगळा गड पिवळा. दीपमाळा, फरशी, कट्टे, झोपलेलं कुत्रंसुद्धा. देवळासमोरच्या मोठ्या पितळी कासवावर पाचसहा जण तळी भरत होते, ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, सगळ्यांनी मिळून ताम्हन वर उचलायचं आणि "सदानंदाचा येळकोट, येळकोट येळकोट जय मल्हार!" येळकोट म्हणजे नेमकं काय असं मुलाने विचारलं, तर कानडीत येळु म्हणजे सात, त्यावरून सात कोटी असा अर्थ सांगतात एवढं बोलेपर्यंत वरून मूठभर भंडारा आणि खोबऱ्याचा एक तुकडा थेट माझ्या डोक्यात. मागे बघितलं तर एक आजोबा, डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, हात अजून वरच. मला म्हणाले, "घ्या देवाचं." आता ह्याच्यावर काय बोलणार? खोबरं खाल्लं. पुढच्या मुठीला मी स्वतःच मान खाली घातली आणि त्याच्या पुढच्या वेळी मीच पुडी फोडली, बायकोवर.

एक मात्र वाटतं, भंडारा म्हणजे हळद, तर ती हळदच असावी. नुसता पिवळा रंग पुडीत भरून विकतात तो डोळ्यात गेला की चुरचुरतं आणि देवालाही तो लागतोच की.

घरी आलो तर भंडारा आमच्या आधी घरात. गाडीच्या सीटवर, मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात, मुलाच्या कानामागे. शर्टाला मी शहाणपणाने साबण चोळला आणि तो डाग पिवळ्याचा चक्क लाल झाला, कुंकू सांडल्यासारखा. मी घाबरलो, आई मात्र खूश, "लाल झाला ना? मग खरी हळद आहे." साबणातल्या आम्लारीने हळद लाल होते हे शाळेत शिकलो होतो, हळदीचा कागद करून प्रयोगही केलेला, पण शर्टावर प्रयोग झाला की अभ्यास आठवत नाही. धुऊन पुन्हा पिवळा झाला पण जाईना. तेव्हा आईने तो माझ्या हातातून घेतला, "घासू नकोस, उन्हात टाक, हळद उन्हाने उडते."

मग लक्षात आलं, खंडोबाला मार्तंड म्हणतात, मार्तंड म्हणजे सूर्यच. त्यानेच लावायचं आणि त्यानेच काढायचं.

तीन दिवस शर्ट गॅलरीत होता, ऊन सरकेल तसा आई तो सरकवत होती. समोरचं सगळं गेलं. कॉलरच्या आत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे बोटभर पिवळं राहिलंय. पुढच्या सोमवारी ऑफिसला तोच घालून गेलो, इस्त्रीचा तेवढाच होता.