ड्रोन फवारणीचं सर्टिफिकेट काढताना

कागदपत्रांची धास्ती होती, पण ती बाजू सोपी निघाली. वय 18 ते 65, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं ट्रेनिंग, एवढ्यावर रिमोट पायलट सर्टिफिकेट मिळतं आणि ते दहा वर्षं चालतं. आधी पासपोर्ट लागायचा, 2023 च्या दुरुस्तीनंतर मतदान कार्डावर भागतं.

डोकं खाल्लं ते नकाशानं. आमचं गाव निफाड तालुक्यात, ओझरचं विमानतळ जवळच. शिवाय नाशिकच्या गांधीनगर आणि देवळालीला लष्कर. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ वेबसाइटवर ड्रोन कुठे उडवता येतो याचा नकाशा असतो. त्यातल्या हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल भागात केंद्र सरकारची. आपण पिकाच्या दोन-तीन मीटर वरून उडणार, पण नियम तो नियम. कोणतंही काम घेण्याआधी गट नंबर काढून नकाशा बघायचा, ही सवय तिथेच लागली.

ट्रेनिंगमधलं एक वाक्य पक्कं बसलं: ‘तार शोधू नको, खांब शोध.’ अकरा केव्हीची लाईन, मोटारीची लोंबती केबल, टोमॅटोच्या बांबूंवरची तार, यातलं स्क्रीनवर काहीच धड दिसत नाही. खांब दिसला की तार कुठून कुठे गेली असेल, हे आधी चालत जाऊन बघायचं. द्राक्षाच्या मांडवाचे लोखंडी अँगल होकायंत्राला चकवतात, म्हणून ड्रोन मांडवापासून लांब मोकळ्यावर ठेवूनच उडवायचा.

आणि वारा. आमच्याकडे कांदा, मका, ऊस आणि द्राक्षबाग बांधाला बांध लावून असतात. मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि वारा बागेकडे असला, तर द्राक्षाची कोवळी पानं पंख्यासारखी आकसतात. शेजाऱ्याचं वर्ष गेलं! एक्स्पोर्टच्या बागेत तर पान शाबूत राहूनही सुटका नाही. शेजारच्या कांद्यावरचं औषध मण्यांत निघालं की रेसिड्यूच्या तपासणीत माल अडकतो. ड्रोन पडला तर नुकसान माझं, फवारा उडाला तर दुसऱ्याचं. म्हणून आदल्या दिवशी ग्रामपंचायतीला आणि शेजाऱ्यांना सांगतो. बागेच्या दिशेनं वारा असला तर काम रद्द, मग मालक कितीही चिडो.

ड्रोन आला म्हणजे विषबाधेची भानगड मिटली, असं लोकांना वाटतं. 2017 मध्ये यवतमाळात फवारणी करताना माणसं दगावली, तेव्हापासून आईला पाठीवरच्या पंपाचं भय आहे. माणूस पिकातून बाहेर आला हे खरंच. पण ड्रोनला एकरी दहाएक लिटरच पाणी, म्हणजे टाकीतलं मिश्रण पंपापेक्षा कितीतरी कडक, आणि ते कालवणारा पोरगा तिथेच उभा. उन्हात हातमोजे काढून टाकायची त्याला हुक्की येते. ‘दादा, घाम येतो ना,’ म्हणतो. मोजे हातात नसले तर मी त्याला टाकी भरू देत नाही आणि मालकाला थांबायला सांगतो. रोटर थांबेपर्यंत कुणालाच ड्रोनजवळ जाऊ देत नाही, हेही आता त्याला रोज सांगावं लागत नाही. मोज्यांवरून मात्र अजून वाद होतो.