जर्मन साहित्याची उन्हाळी शाळा खारेपाटात घ्यायची तर

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी जर्मन साहित्याची उन्हाळी शाळा ठरली की आराखड्यात पहिलं नाव 'फाउस्ट' या नाटकाचं पडतं. ते सरळ काढून टाका. जर्मन कवी गटेने त्यावर जवळजवळ आयुष्यभर काम केलं, दुसरा भाग तर १८३२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती आठ-दहा दिवसांत त्यातलं काय लागणार? अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, किंवा कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठच्या गावात शाळा भरणार असेल, तर सुरुवात जर्मन लेखक टेओडोर श्टोर्मच्या 'शिमेलरायटर'पासून (पांढऱ्या घोड्यावरचा स्वार) करावी, असं माझं ठाम मत आहे.

१८८८ ची ही दीर्घकथा उत्तर समुद्राच्या काठावरची. तिथेही समुद्र अडवून जमीन काढतात, तिथेही बांध सगळ्यांनी मिळून राखायचा असतो. हाउके हाइएन हा मुलगा लहानपणापासून लाटा न्याहाळतो आणि त्याच्या लक्षात येतं की गावचे बांध समुद्राच्या बाजूने फार उभे आहेत. मोठेपणी बांधाचा कारभारी झाल्यावर तो लांब उताराचा नवा बांध घालतो. हे आपल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उघाडी (बांधातली पाणी सोडायची झडप) कशासाठी, खांड (बांधाला फूट) कशी पडते, हे त्यांनी घरी ऐकलेलं असतं.

अडचण एकच. कथेत कथा आणि तिच्यातही कथा, अशी रचना आहे. पहिली पानं जशीच्या तशी वाचायला घेतलीत तर निम्मा वर्ग गळेल. आधी हाउकेचं बालपण मराठीत सांगा, बाहेरच्या कथांच्या चौकटीकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी या. श्टोर्मचा मूळ मजकूर आता स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे, पण अलीकडच्या भाषांतरांचं तसं नसतं. झेरॉक्स काढण्यापूर्वी तेवढं बघा.

हाउके मातीचे नमुने करून बघतो, तसे मुलांकडूनही करून घ्यावेत. तीनेक फूट लांबीचा पत्र्याचा ट्रे घ्या. त्यात चार इंच उंचीचे दोन बांध शेजारी-शेजारी घाला. एकाचा पाण्याकडचा उतार उंचीइतकाच, दुसऱ्याचा उंचीच्या तिप्पट-चौपट लांब. नुसती वाळू वापरली तर बांध बसतो, नुसती चिकणमाती मेच्या उन्हात तडकते. म्हणून मातीत बारीक चिरलेला पेंढा मळून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. पाणी बांधाच्या अर्ध्या उंचीपर्यंतच भरा आणि फळीने हलक्या, सारख्या लाटा द्या. लाट वरून गेली तर दोन्ही बांध वाहून जातात आणि तुलना करायला काही उरत नाही. उभ्या बांधाचा पायथा आधी खचतो, कारण लाटेचा सगळा जोर एकाच जागी बसतो. लांब उतारावर लाट चढता चढता दमते.

खरा बांध दाखवायला न्यायचं तर तिथीचा हिशोब करा. तिथीला पाऊण पटीने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ तासांत मिळते. प्रतिपदा-द्वितीयेला भरती साधारण पाऊण ते दीडला, म्हणजे सकाळी सातच्या सुमारास चांगली ओहोटी आणि बांधाचा पायथा उघडा. खेकड्यांची बिळं तेव्हाच नीट दिसतात. कथेतला जुना बांधही असाच पोखरलेला आहे, फक्त तिथे उंदरांनी.

भाषेसाठी गटेची 'एर्लक्योनिग' (१७८२) ही कविता पुरेशी आहे: रात्री बाप आजारी मुलाला घेऊन घोड्यावरून निघालाय आणि एर्लक्योनिग हा भुताटकीचा राजा मुलाला भुलवतोय. बत्तीस ओळी, चार आवाज: निवेदक, बाप, मुलगा आणि एर्लक्योनिग. वर्गाचे चार गट करा आणि फक्त मोठ्याने म्हणून घ्या. मराठी मुलांना जर्मन 'त्स' जड जात नाही, 'चमचा'तला च त्याच्या अगदी जवळचा. अडतं ते 'यू'वर (ü): तोंडात ई धरायची आणि ओठ ऊचे करायचे, मग जमतं. शब्दाच्या शेवटी लिहिलेला द ट होतो, म्हणून 'विंट' आणि 'किंट' असं यमक जुळतं. कविता देवनागरीत लिहून देऊ नका. एकदा चुकीचा उच्चार कागदावर गेला की तो सुटत नाही. ध्वनिफिती आधीच उतरवून ठेवा, मे महिन्यात विजेचा भरवसा नसतो. संगीतकार शूबर्टने अठराव्या वर्षी, १८१५ मध्ये, या कवितेला दिलेली चाल मुलांचं म्हणणं पक्कं झाल्यावरच ऐकवा. एकच गायक चारही आवाज काढतो, हे तेव्हा त्यांना स्वतःहून कळतं. निवेदक सगळं वर्तमानकाळात सांगत येतो आणि अगदी शेवटच्या ओळीत, मूल मेलेलं असतं तिथे, भूतकाळ येतो. व्याकरणाचा तास इथेच घ्या.

शेवटचे दोन दिवस हाउकेवर गावकीत खटला चालवा. जुन्या बांधाची खराबी त्याला दिसली होती, पण विरोध झाल्यावर त्याने वरवरच्या डागडुजीवर भागवलं. वादळाच्या रात्री लोक नवा बांध फोडून पाण्याला वाट द्यायला निघाले, तर त्याने त्यांना अडवलं, आणि मग जुना बांध फुटला. दोष कोणाचा? आरोपी, त्याची बायको एल्के, विरोधक ओले पेटर्स आणि पाच पंच एवढी पात्रं पुरतात. नियम एकच ठेवा: प्रत्येक आरोपाला कथेतला प्रसंग दाखवायचा. नाहीतर भांडण तिसऱ्या मिनिटाला आपल्याच गावच्या बांधावर घसरतं. ते भांडणही महत्त्वाचं आहे, पण त्याला निकालानंतर वेगळा तास द्या आणि बांधाचं काम केलेल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला त्या तासाला बोलवा.