आमची वाटचाल : चेक बाऊन्सपासून एनडीपीएसपर्यंत

आधीच सांगतो, ही जाहिरात नव्हे. वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ३६ आहे, पाटीसुद्धा बेताचीच लावायची, त्यामुळं इथं ना फोन नंबर मिळेल ना "इतके आरोपी सोडवले" असला आकडा. नवीन पोरं सारखी विचारतात ऑफिस कसं उभं केलं, म्हणून लिहितोय.

सुरुवात कोल्हापुरात, सीपीआर या सरकारी दवाखान्याजवळच्या जुन्या कोर्टासमोर. मी आणि कॉलेजातला मित्र, भाड्याची खोली. चेक बाऊन्स, वाटपाचे दावे, अपघाताचे क्लेम, येईल ते घ्यायचं. कोर्ट कसबा बावड्याला गेलं तसं आम्हीबी सामान उचललं. क्रिमिनलला काही ठरवून आलो नाही. वाटपाच्या दाव्यातल्या एका पक्षकाराचा भाचा गांजात अडकला, बाकीचे वकील नको म्हणाले, आणि हे आले आमच्याकडं, "वकीलसाहेब, आता तुम्हीच बघा". बघितलं. मग एकाचं दुसऱ्याला कळत गेलं.

या केसेसमध्ये घरच्यांची पहिली अपेक्षा असते की साहेबांना सांगून सोडवा. तसं कोण सांगणारा आमच्या ओळखीचा नाही आणि असता तरी सांगितलं नसतं. आमचं काम म्हणजे कागद वाचणं, बस्स. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, आणि त्यात सगळा खेळ वजनाचा. गांजा १ किलोपर्यंत स्मॉल म्हणजे अल्प, २० किलोच्या वर कमर्शियल म्हणजे व्यापारी प्रमाण, एमडी (मेफेड्रोन) मात्र २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. कमर्शियल म्हटलं की शिक्षा किमान १० वर्षं, आणि जामिनाला कलम ३७ आडवं येतं, म्हणजे आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि तो सुटल्यावर परत गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी कोर्टाला पटायला लागतात. म्हणून पोत्यात नेमकं काय होतं ते आम्ही आधी बघतो. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं आणि बिया नव्हेत, आणि पंचनाम्यात बऱ्याचदा पानं-काटक्या सगळं एकत्र जोखलेलं असतं, तिथं २१ किलोचे खरे किती हा प्रश्न उभा राहतो. एमडीत हा मुद्दा चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलंय की भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं.

मग नमुने कलम ५२अ प्रमाणं मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, सील कुणाचं, मुद्देमाल रजिस्टरला नोंद कधीची, सीए रिपोर्टातलं, म्हणजे सरकारी रासायनिक तपासणीतलं, वजन जुळतं का. आणि कलम ५०. व्हॉट्सअपवर वाचून लोक येतात, "झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर घेतली नाही, केस संपली!" संपत नाही हो. ते कलम अंगझडतीला आहे, बॅगेत माल सापडला तर त्याचा उपयोग नाही. असं तोंडावर सांगितल्यानं काहीजण दुसऱ्या वकिलाकडं गेलेत, जाऊ देत. जुलै २०२४ पासून झडतीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असं नव्या बीएनएसएसमध्ये (सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात) आलंय, ते आम्ही पहिल्या दिवसापासून मागतो. कधी ते आरोपीच्या कामी येतं आणि कधी त्यालाच गोत्यात आणतं, दोन्ही बघितलंय.

हत्यारांच्या केसेस वेगळ्या. गावठी कट्टा सापडला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५. इथं आम्ही त्याच कायद्याचं कलम ३९ बघतो, विनापरवाना बंदुकीचा खटला चालवायला जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते, आणि ती देताना कागद खरंच वाचलेत की नुसती सही आहे. दुसरा मुद्दा ताब्याचा. गाडीत चौघं, कट्टा सीटखाली, मग चौघांनाही माहिती होतं का? आणि आपल्या कोल्हापूरची खासियत म्हणजे तलवारीनं केक! वाढदिवस पेठेत, रील इन्स्टावर, आणि दुसऱ्या दिवशी आई आमच्या ऑफिसात. पुरावा पोरानंच अपलोड केलाय, गाणं लावून, पोलीस स्टेशनला टॅग करायचं तेवढं बाकी, आता आम्ही काय उलटतपास घेणार.

सगळ्यात मोठा बदल झाला तो १८ ऑगस्ट २०२५ ला, हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी यासाठी किती वर्षं आंदोलनं केली ते नव्या पोरांना सांगून पटत नाही. आधी सेशनला जामीन फेटाळला की महालक्ष्मी एक्सप्रेस, मुंबईतला वकील, लॉज, आणि तारीख पुढं गेली की परत तेच, कळंब्याच्या जेलात पोरगं आणि घरात गहाणाचे कागद. आता तोच अर्ज आम्ही स्वतः चालवतो, तेही सीपीआरजवळच्या त्या जुन्या कोर्टाच्या बिल्डिंगीत. तिथली आमची खोली केव्हाच दुसऱ्या कुणाकडं गेलीय आणि त्या भागात आता भाडं विचारायची सोय राहिली नाही, म्हणून ऑफिस बावड्यातच.

फीचं एवढंच, जामीन आणि खटला वेगवेगळे, आधीच लिहून देतो. ज्यांना जमत नाही त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवतो, तिथं फुकट वकील मिळतो आणि चांगली माणसं आहेत. सध्या एक ज्युनिअर हवाय. इंग्रजी जेमतेम चालेल, पण हवालदाराच्या हातचा पंचनामा गडबड न करता वाचता आला पाहिजे, वेळेचे रकाने तर दोनदा.