आकडा आला कुठून? संख्याशास्त्राच्या सरावातला माझा अनुभव

संख्याशास्त्राच्या पायाभूत सरावाला बसलो तेव्हा प्रश्नांचे तीन गठ्ठे समोर होते. नमुना कसा निवडला ते ओळखा, माहितीचा प्रकार सांगा, योग्य आलेख निवडा. तिन्हींची प्रकरणं वेगळी, व्याख्या वेगळ्या, त्यामुळे बहुतेक जण त्या पाठ करून मोकळे होतात. सराव जसजसा पुढे गेला तसतसं माझं मत पक्कं होत गेलं की हे तीन प्रश्न मुळात वेगळे नाहीतच. दर वेळी शोधायचं एकच असतं: हा आकडा कोणाकडून आला, आणि काय विचारून किंवा काय मोजून आला? हे नीट लिहून काढलं की बाकीचं बरंचसं तिथेच ठरतं.

म्हणून मी एक सवय लावून घेतली. प्रश्न कितीही छोटा असो, आधी कोऱ्या कागदावर त्या माहितीचा तक्ता आखायचा आणि त्यातल्या दोन-तीन ओळी मनाने भरायच्या. समजा प्रश्नात म्हटलंय, ‘ग्रंथालयाच्या ८० सभासदांना आवडता पुस्तकप्रकार विचारला, ४५ टक्क्यांनी कादंबरी सांगितली. माहिती कोणत्या प्रकारची?’ समोर ४५ दिसतात, त्यामुळे हात ‘संख्यात्मक’ लिहायला जातो. तक्ता आखला की दिसतं, एक ओळ म्हणजे एक सभासद, आणि त्याच्यापुढे लिहिलंय ‘कादंबरी’ किंवा ‘चरित्र’. तिथे संख्या नाहीच. माहिती गुणात्मक आहे. टक्केवारी नंतर आपण काढली.

नमुना निवडीत सर्वांत जास्त गल्लत होते ती स्तरित आणि समूह या दोन पद्धतींत, कारण दोन्हींत आधी समष्टीचे, म्हणजे ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचं त्या सगळ्यांचे, गट पाडावे लागतात. स्तरित पद्धतीत प्रत्येक गटातून काही जण घेतात. समूह पद्धतीत काही गट निवडतात आणि निवडलेल्या गटांतले सगळे घेतात. इतकं लक्षात ठेवलं तरी परीक्षेतलं उत्तर बरोबर येतं, पण मला त्यामागचं कारण हवं होतं. ते असं: गटातले लोक एकमेकांसारखे आणि गट एकमेकांपासून वेगळे असतील, तर प्रत्येक गटाला प्रतिनिधित्व द्यायलाच हवं, म्हणून स्तर. उलट प्रत्येक गट म्हणजे अख्ख्या समष्टीची छोटी सरमिसळ असेल, तर थोडे गट घेऊनही भागतं, म्हणून समूह. शाळेत इयत्ता हे स्तर आणि एकाच इयत्तेच्या तुकड्या हे समूह, असं साधारणपणे चालेल. पण त्या तुकड्या गुणांनुसार पाडल्या असतील तर? मग एखादी तुकडी उचलून इयत्तेचा अंदाज बांधणं धोक्याचं. तीच शाळा, त्याच तुकड्या, फक्त त्या कशा पाडल्या यावर पद्धत योग्य की अयोग्य ते ठरतं.

साधा यादृच्छिक, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जायची समान संधी देणारा, नमुना हाताने काढून पाहिला, आणि माझं सांगणं आहे की प्रत्येकाने एकदा तरी काढावा. ८० जणांना ०१ ते ८० क्रमांक द्यायचे आणि यादृच्छिक अंकांच्या सारणीतून दोन-दोन अंक वाचत जायचं. ३९ घेतला. ८४ सोडला, कारण त्या क्रमांकाचं कोणी नाही. ०७, ५२ घेतले. पुन्हा ३९ आला, तो सोडला. ०० सोडला. ६६, १८ घेतले. काम कंटाळवाणं वाटतं, पण माणसाची मर्जी यात कुठेच शिरत नाही, हे बोटांना कळतं. मनाने ‘कोणतेही’ पाच क्रमांक सांगायला बसलं की आपण ते नकळत सगळीकडे पसरवतो, लागोपाठचे दोन टाळतो. यादृच्छिक निवड असं काही टाळत नाही.

नीट मिसळलं नाही तर काय होतं, याचं मला सर्वांत खोलवर पटलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १ डिसेंबर १९६९ रोजी तिथे सक्तीच्या लष्करभरतीसाठी सोडत निघाली. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ कुप्यांत घातल्या होत्या. जी तारीख आधी निघेल त्या तारखेला जन्मलेल्यांना आधी बोलावणं. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या आणि पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत. भरती शेवटी १९५ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली, आणि डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी २६ तारखा त्या १९५ मध्ये होत्या. निवड खरोखर यादृच्छिक असती तर सोळा-सतराच्या आसपास अपेक्षित होत्या. पुढच्या सोडतीसाठी यादृच्छिक क्रमांच्या सारण्या वापरल्या गेल्या. ‘प्रत्येकाला समान संधी’ ही ओळ व्याख्येत वाचताना कोरडी वाटते. इथे त्या संधीवर तरुणांचं युद्धावर जाणं अवलंबून होतं.

मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना, हा समज १९३६ च्या अमेरिकी निवडणुकीने मोडला. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं त्यांनी सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं दूरध्वनी आणि मोटारींच्या नोंदींसारख्या याद्यांतून घेतली होती, आणि उत्तर पाठवणारे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. यादी आणि प्रतिसाद, दोन्हीकडे कल होता. संख्या वाढवून तो जात नाही.

माहितीच्या प्रकारांचे प्रश्न त्या मानाने लवकर सुटले. हजेरी क्रमांक, खेळाडूच्या पाठीवरचा आकडा, फोन नंबर हे दिसायला आकडे, पण सरासरीला अर्थ नाही, म्हणजे ती नावंच. नामिक (नुसती नावं), क्रमिक (क्रम असलेली), अंतराल (फरकाला अर्थ) आणि गुणोत्तर (पटीलाही अर्थ) या चार मापनश्रेणी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मांडल्या. त्यांतल्या शेवटच्या दोन वेगळ्या करायला तापमान पुरतं: २० अंश सेल्सिअस हे १० अंशांच्या दुप्पट म्हणावं, तर फॅरनहाइटमध्ये तेच ६८ आणि ५० होतात, दुप्पट कुठे गेली? थोडं थांबावं लागतं ते क्रमिक माहितीपाशी. समाधान १ ते ५ मध्ये विचारलं आणि सरासरी ३ आली. सगळ्यांनी ३ दिले असतील, किंवा निम्म्यांनी १ आणि निम्म्यांनी ५. म्हणून अशा माहितीचा मी आधी स्तंभालेख काढतो, आणि स्तंभ उंचीनुसार न लावता ‘अजिबात नाही’पासून ‘पूर्ण’पर्यंत त्यांच्याच क्रमाने लावतो.

खरा रस आला तो आयतालेखात, म्हणजे आकड्यांचे वर्ग (गट) पाडून त्यांवर एकमेकांना चिकटलेले आयत काढतात त्या आलेखात. वर्ग सलग नसतील तर अर्धा एकक वजा-अधिक करून सलग करायचे, हे सगळ्यांना पाठ असतं: १५०–१५९ चे १४९.५–१५९.५. उंची सेंटिमीटरमध्ये जवळच्या पूर्णांकाला धरून लिहिली असेल तर हे अगदी बरोबर आहे, कारण १४९.५ पासूनच्या उंचीला आपण १५० लिहितो. पण वय? वय आपण पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. २९ वर्षं ११ महिन्यांचा माणूस २९ च सांगतो. म्हणजे २०–२९ या वर्गाची खरी हद्द २० ते ३० आहे, १९.५ ते २९.५ नव्हे. तोच आलेख, तशाच दिसणाऱ्या वर्गांना दोन वेगळ्या सीमा, आणि फरक फक्त आकडा कसा नोंदवला याचा. हे मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग आता दर वेळी आधी नोंद कशी झाली ते विचारत जा, नियम मागाहून.”

वर्गांची रुंदी असमान असली की आणखी काळजी घ्यावी लागते. प्रवासाला लागणारी मिनिटं घ्या: ०–१० मध्ये ८ जण, १०–२० मध्ये १४, २०–३० मध्ये १०, ३०–६० मध्ये १२. वारंवारता, म्हणजे वर्गातल्या जणांची संख्या, तशीच उंची म्हणून घेतली तर शेवटचा आयत तिप्पट रुंद आणि वर उंचही दिसतो, जणू बहुतेकांना अर्ध्या तासाच्या वर लागतो. उंची म्हणून दर मिनिटाची वारंवारता घ्यायची: ०.८, १.४, १.०, ०.४. आयतालेखात वाचायचं ते क्षेत्रफळ. स्तंभालेखात वाचायची ती उंची, म्हणून तिथे अक्ष शून्यापासून हवा. ५० आणि ५४ चे स्तंभ ४८ पासून सुरू केले की एक दुसऱ्याच्या तिप्पट उंच होतो.

वृत्तालेखाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाग मिळून एक पूर्ण होत असेल तरच तो काढावा. एकाहून अधिक पर्याय निवडायची मुभा असलेल्या प्रश्नाला तो चालत नाही. दोन चलांसाठी (बदलत्या राशींसाठी) मात्र स्कॅटर प्लॉट, म्हणजे ठिपक्यांचा आलेख, काढल्याशिवाय मी आता सहसंबंधाचा, म्हणजे त्या दोन्ही किती जोडीने बदलतात याचा, आकडा मानत नाही. संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम यांनी १९७३ मध्ये क्ष आणि य या जोड्यांचे चार संच दिले: चारही संचांत य ची सरासरी ७.५, सहसंबंध सुमारे ०.८२, आणि ठिपके मांडले की चार अगदी वेगळी चित्रं.

तिन्ही गठ्ठे एकत्र आणणारा प्रश्न मी स्वतःच रचला. शाळेतल्या मुलांना विचारलं, ‘तुमच्या घरी तुझ्यासह किती भावंडं?’ माहिती संख्यात्मक, खंडित (मधली अपूर्णांकी उत्तरं नाहीत). आलेख स्तंभांचा, मध्ये मोकळी जागा सोडून. सगळं जागच्या जागी. आता फक्त तीन कुटुंबं धरा, १, २ आणि ३ मुलांची. सरासरी २. पण शाळेत ही सहा मुलं आहेत आणि त्यांची उत्तरं येतात १, २, २, ३, ३, ३, सरासरी २.३३. कुणी चुकीचं सांगितलं नाही, कुणाला वगळलं नाही, तरी उत्तर फुगलं, कारण मोठं घर जास्त वेळा बोललं. तक्त्याची एक ओळ मूल आहे, आणि आपण बोलतोय कुटुंबाबद्दल.

दुरुस्ती करता येते. प्रत्येक उत्तराला त्याच्या व्यस्ताइतकं (१ भागिले ते उत्तर) वजन द्यायचं, म्हणजे हरात्मक मध्य काढायचा: ६ भागिले (१ + अर्धा + अर्धा + तीन वेळा एक तृतीयांश), म्हणजे ६ भागिले ३, उत्तर २. हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला. पण ज्या घरात मूलच नाही ते घर या यादीत कधीच येणार नाही, आणि कोणतंही वजन देऊन आलेखात ० वर स्तंभ उभा करता येणार नाही. त्यासाठी शाळेऐवजी घरांची यादी घेऊन पुन्हा पहिल्यापासून नमुना काढावा लागेल.