नव्या गाडीवर हात बसेपर्यंत

नवी गाडी ताब्यात घेऊन निघाल्यावर पहिल्याच वळणावर वेग कमी करताना माझ्या डाव्या पायाने क्लच समजून जे पेडल दाबले, ते ब्रेकचे होते. गाडी जागच्या जागी थांबली, सगळ्यांना पट्ट्यांचा हिसका बसला आणि मागच्या सीटवरची पिशवी घरंगळत पायांत जाऊन पडली. मागून कोणतेही वाहन येत नव्हते म्हणून ते तेवढ्यावर निभावले. अकरा वर्षे मी क्लचची गाडी चालवली होती आणि ही ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नसलेली, आहे हे मला पक्के ठाऊक होते, परंतु ते ज्ञान अजून पायापर्यंत उतरलेले नव्हते. क्लच एका दमात तळापर्यंत दाबायचा असतो आणि ब्रेक अदमास घेत हळूहळू वाढवत न्यायचा असतो. त्यामुळे इतक्या वर्षांत माझ्या डाव्या पायाला हळुवारपणा कधी शिकावाच लागला नव्हता. त्या दिवशी उरलेला रस्ता मी डावा पाय सीटच्या बाजूला मागे ओढून धरून कसाबसा पार केला आणि घरी पोहोचल्यावर ठरवले की या गाडीवर हात बसेपर्यंत हिच्यात घरच्यांना बसवायचे नाही.

जुनी गाडी विकण्याचे कारण तिच्यातील दोष हे नव्हते. आमचे कुटुंब तिच्यात मावेनासे झाले होते. आम्ही दोघे, सासूबाई, दहा वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी अशा पाच जणांना एकत्र निघायचे म्हटले की मुलीच्या सीटमुळे मागे दाटी होत असे. त्यातच सासूबाईंचे गुडघे दुखू लागल्यापासून त्या बुटक्या गाडीत उतरणे आणि तीतून उठणे ही त्यांच्यासाठी मोठी परीक्षा झाली होती. म्हणून गाडी निवडताना मी इंजिनाची ताकद सर्वांत शेवटी पाहिली. आधी मोजपट्टी घेऊन सीटची जमिनीपासूनची उंची मोजली, दार किती उघडते ते पाहिले, उंबऱ्याची रुंदी पाहिली. सीट फार खाली असेल तर गुडघ्यांवर भार घेऊन उठावे लागते आणि फार वर असेल तर एका पायावर तोल सांभाळत चढावे लागते. उभ्या माणसाने नुसते वळून टेकावे इतक्या उंचीची सीट हवी. ही उंची प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे ज्यांना बसायचे आहे त्यांना सोबत नेण्याखेरीज दुसरा उपाय नाही. चौथ्या गाडीत सासूबाई बसल्या, उतरल्या, पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, "हिच्यात मला कुणाचा हात लागणार नाही." गाडीविषयीचा माझा अर्धा निर्णय तिथेच झाला.

उरलेला अर्धा मुलीच्या सीटने केला. एवढ्या लहान मुलांना गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवणे अधिक सुरक्षित असते, कारण समोरून टक्कर झाली तर धक्का नाजूक मानेवर न येता सीटच्या पाठीवर पसरतो. परंतु अशी सीट लांबीला बरीच जागा घेते. तिच्यासाठी पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागते की उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. आम्ही आमची सीट बरोबर नेली, ती आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट पक्की बसवण्यासाठी गाडीतच दिलेल्या, कड्यांत अडकवली आणि माझ्या नवऱ्याला तिच्या पुढे बसायला लावले. दोन गाड्या केवळ या एका कारणाने यादीतून गेल्या. तशी सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर, कधीही लावायची नसते हेही इथे सांगितले पाहिजे, कारण फुगणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते.

डिकीच्या बाबतीत लिटरच्या आकड्यावर विसंबू नये असे माझे मत झाले. हा आकडा बहुधा एकेक लिटरचे छोटे ठोकळे कोपऱ्याकोपऱ्यांत रचून काढलेला असतो, आणि बाबागाडीचे तसे तुकडे करता येत नाहीत. डिकीचे तोंड किती रुंद आहे आणि सामान किती उंच उचलून आत टाकावे लागते, यालाच जास्त महत्त्व आहे. आम्ही बाबागाडी नेली, घडी घालून आत ठेवली आणि झाकण लावून पाहिले.

सुरक्षिततेच्या ताऱ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण गाडी पाहताना मीही आधी तारेच मोजत होते. युरो एनकॅप ही संस्था १९९७ पासून गाड्या आपटून त्यांना तारे देते आणि तेव्हापासून तिच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कठोर होत आल्या आहेत. म्हणून जुन्या वर्षीचे पाच तारे आणि अलीकडचे पाच तारे एकसारखे धरता येत नाहीत. ताऱ्यांबरोबर चाचणीचे वर्ष वाचावे लागते आणि प्रौढांचे व मुलांचे गुण वेगळे दिलेले असतात तेही पाहावे लागतात. लहान गाडीचे तारे तिच्याएवढ्या वजनाच्या गाड्यांशी ताडून पाहावेत, कारण जड गाडीशी टक्कर झाली तर हलक्या गाडीला जास्त सोसावे लागते. परंतु माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ताऱ्यांपेक्षाही साधी होती : मागच्या मधल्या जागेवर खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा? खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोचे अभियंता निल्स बोहलिन यांनी १९५९ साली प्रत्यक्षात आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना खुले ठेवले. मधल्या जागेवर माझा मुलगा बसणार होता आणि त्याच्यासाठी मला हाच पट्टा हवा होता. मागची जागा अधिक सुरक्षित असते असे म्हणत तिथे पट्टा न लावण्याची सवय अनेक घरांत आहे. ती पाहून मला आजही अस्वस्थ वाटते, कारण मागचा सुटा माणूस टकरीत पुढच्या माणसावर जाऊन आदळतो आणि दोघेही जखमी होतात.

गाडी ताब्यात घेताना दिवसाचा लख्ख उजेड असावा, कागदावरचा सतरा अक्षरांकांचा चॅसिस क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहावा, टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. हे सगळे मी केले, पण हवा तपासायची राहिली. पहिले तीन दिवस गाडी प्रत्येक खड्ड्यात टणाटणा उडत होती आणि मी मनातल्या मनात तिच्या सस्पेन्शनला दोष देत होते. शेवटी हवा मोजली, तेव्हा चारही टायरांत ४४ पीएसआय हवा निघाली. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर ३३ लिहिलेले होते. कारखान्यातून वाहतूक करताना टायरांत जास्त हवा भरून ठेवतात आणि ग्राहकाला गाडी देण्यापूर्वी ती उतरवायची असते. विक्रेत्याकडून ते काम राहून गेले होते. जास्त हवेमुळे टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि त्याची पकड घटते, त्यामुळे ही चूक मला क्षुल्लक वाटली नाही. मी तसे त्यांना लिहून कळवले. हवा थंड टायरांत बरोबर करून घेतल्यावर गाडी एकदम शहाण्यासारखी चालू लागली.

त्यानंतर मी आठवडाभर रोज पहाटे एकटी रिकाम्या मैदानावर गेले. पहिला दिवस सगळा बसण्यातच गेला. सीट अशी लावली की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, स्टिअरिंगच्या मध्यापासून छाती किमान २५ सेंटिमीटर दूर राहील आणि हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्यापर्यंत येईल. मग आरसे. जुन्या गाडीत मी बाजूच्या आरशांत स्वतःच्याच गाडीचा बराचसा पत्रा पाहत असे, कारण त्याने धीर येतो. पण जेवढा आपला पत्रा दिसतो तेवढा शेजारचा रस्ता दिसत नाही. आता मी डोके खिडकीला टेकवून आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका एक आरसा बाहेर वळवला आणि गाडीच्या मध्यावर झुकून दुसराही तसाच लावला. त्यामुळे मागून येणारे वाहन मधल्या आरशातून निसटते तोवर ते बाजूच्या आरशात आलेले असते. पहिले काही दिवस या मांडणीत हरवल्यासारखे वाटले. आता जुनी मांडणी आंधळी वाटते. वळताना मान फिरवून पाहण्याला मात्र आरसा पर्याय नाही, विशेषतः या गाडीत, कारण हिचे पुढच्या काचेचे खांब जाड आहेत आणि त्यांच्याआड रस्ता ओलांडणारा माणूस सहज झाकला जातो.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्याची उंच खोकी मांडून गाडीचे नाक कुठे संपते ते शोधले. माझ्या अंदाजाप्रमाणे थांबायचे, उतरून पाहायचे, पुन्हा बसायचे. पहिल्या खेपेला खोके बंपरपासून चांगले दीड मीटर दूर होते, आणि बसल्या जागेवरून मला शपथेवर वाटत होते की ते टेकलेच. रिव्हर्सचा कॅमेरा उपयोगी आहे, विशेषतः मागे उभे असलेले लहान मूल दिसण्यासाठी, कारण ते कोणत्याही आरशात दिसत नाही. तरीही मी आधी आरशांवरच रिव्हर्स घ्यायला शिकले, कारण चिखल उडाला की कॅमेऱ्याचे भिंग पहिल्यांदा झाकते.

डाव्या पायाला मी पायटेकूवर ठेवून द्यायला शिकवले. गाडी डी मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्ये, टाकून ब्रेक सोडला की ऑटोमॅटिक गाडी आपणहून सरकू लागते. त्या सरकण्यावर केवळ उजव्या पायाने, केवळ ब्रेकने ताबा ठेवत मी खोक्यांमधून नागमोडी फेऱ्या घातल्या. गर्दीत गाडी पुढे सरकवताना अॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही, ही सवय मला तिथे लागली. नंतर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात सर्व जोर लावून ब्रेक दाबला, तेव्हा पेडल पायाखाली थरथरू लागले आणि घर्रर्र आवाज आला, आणि घाबरून मी पाय उचलला. हेच रस्त्यावर झाले असते तर? चाक जाम होऊ लागले की ही यंत्रणा ब्रेक क्षणाक्षणाला सोडते आणि धरते, म्हणूनच ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. थरथर हे ती काम करीत असल्याचे लक्षण आहे आणि त्या वेळी पाय घट्ट दाबूनच ठेवायचा असतो. हे मी पूर्वी वाचलेले होते. तरीही पाय उचलला गेला, आणि पाचव्या खेपेला तो उचलायचा थांबला. मोकळी, सपाट आणि माणसे नसलेली जागा मिळाली तर प्रत्येकाने हा अनुभव घ्यावा असे मला मनापासून वाटते.

पहिल्या हजारेक किलोमीटरपर्यंत इंजिन फार पळवायचे नाही, एकाच वेगाने तासन्तास चालवायचे नाही, असे पुस्तिकेत लिहिले आहे आणि ते मी पाळले. नवे टायर आणि नव्या ब्रेकचे पॅड यांचीही पहिली काही शे किलोमीटर पुरती पकड येत नाही, त्यामुळे पुढच्या वाहनापासून मी एरवीपेक्षा जास्त अंतर ठेवत होते.

या गाडीची खरी अडचण मला वेगळ्याच ठिकाणी आली, ती म्हणजे तिची शांतता. जुन्या गाडीत वेग कानाला कळत असे. इंजिनाची घरघर एका पट्टीच्या वर गेली की पाय आपोआप सैल होई. या गाडीत मी उंच बसते आणि आवाज येत नाही, त्यामुळे काटा पाहिला की तो माझ्या समजुतीपेक्षा नेहमी वरच असे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते, त्यामुळे हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही. मी वेगमर्यादेला बीप वाजण्याची सोय सुरू केली आणि कान नव्याने तयार होईपर्यंत ती बंद केली नाही. याच्या उलट, एसी कमी-जास्त करायला पडद्यावर तीनदा बोट लावावे लागते याबद्दल माझी अजूनही नाराजी आहे. जुन्या गाडीतली गोल खुंटी हाताला न पाहता सापडत असे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २० मीटर जाते, म्हणजे पडद्याकडे दोन सेकंद पाहिले तर ४० मीटर रस्ता न पाहता गेलेला असतो. आता तापमान निघण्यापूर्वीच ठरवायचे आणि वाटेत बदल हवा असेल तर शेजारी बसणाऱ्याने करायचा, असा आमच्याकडे नियम आहे.

आठव्या दिवशी सासूबाई आणि मुले गाडीत बसली. मुलीची सीट बसवल्यावर ती पायथ्याशी धरून हलवून पाहिली, तिच्या पट्ट्याखाली जाड कपडा नाही हे पाहिले, आणि निघाले. परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आज तू बोलत होतीस. त्या दिवशी सगळा वेळ गप्प होतीस."

गेल्या आठवड्यात माझा नवरा ती चालवायला शिकू लागला. मी त्याच मैदानावर तीच खोकी मांडून दिली आणि बाजूला उभी राहिले. पहिल्या खेपेला तो खोक्यापासून दीड मीटरवर थांबला आणि खिडकीतून डोके काढून म्हणाला की आता टेकले असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत बसले, तेव्हा सीट मागे गेलेली होती आणि तिन्ही आरसे वेगळ्याच दिशांना पाहत होते. मी इंजिन सुरू न करता आधी सीट पुढे घेतली, डोके खिडकीला टेकवले आणि पहिल्या आरशापासून सुरुवात केली.